सोरा : आंब्याला खत, गुरांना विष



मागल्या पौषातली गोष्ट. एका बागायतदार काकांचा सांगावा आला, "साहेब, गाय पडलीय, लगेच या." मी पोचलो तोवर गुरांचे डॉक्टर आले होते, पण वेळ निघून गेली होती. गाय धापा टाकत होती, हिरड्या काळपट निळ्या पडल्या होत्या, आणि सुईतून आलेले रक्त चॉकलेटी रंगाचे होते. गोठ्याच्या कोपऱ्यात फाटकी पिशवी पडली होती. फवारणी आटोपल्यावर उरलेले पोटॅशियम नायट्रेट त्यात तसेच उघडे ठेवलेले. काका म्हणाले, "गाय चाटत होती खरी, पण मला वाटलं मीठच चाटतेय."

दिसायला ते मिठासारखेच, म्हणून तर हा लेख.

हे आहे तरी काय?

पोटॅशियम नायट्रेट म्हणजे आपला जुना सोरा. दुकानात त्याला तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणतात. त्यात १३ टक्के नत्र आणि ४५ टक्के पालाश असते. स्फुरद नसते, म्हणून मधला आकडा शून्य. तेव्हा 'तेरा'चा आकडा विसरू नका, यात नत्रही आहे. कोकण कृषी विद्यापीठाने आंब्याची फळगळ कमी व्हावी आणि फळ पोसावे म्हणून याच्या १ टक्का फवारणीची शिफारस केली आहे. फळ वाटाण्याएवढे, गोटीएवढे आणि अंड्याएवढे झाल्यावर ती करावयाची असते.

१ टक्का म्हणजे लिटरला १० ग्रॅम. १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम, २०० लिटरच्या पिंपाला २ किलो. मूठ-पसा असले माप नको, तराजू वापरा. "जरा जास्त टाकलं तर फळ मोठं होईल" हा हिशेब चुकीचा आहे. जास्त झाले की पानांच्या कडा करपतात. भर उन्हात फवारू नका, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारा.

आणखी एक अनुभवाचा मुद्दा. सोरा विरघळताना पाणी थंडगार होते आणि थंड पाण्यात तो कमी विरघळतो. छोट्या बादलीत एकदम ओतला तर तळाला दाणे राहतात, पुढे नोझल तुंबते. २ किलोला मोठी बादलीभर, निदान १५ ते २० लिटर पाणी घ्या, चांगले ढवळा आणि मग गाळून पिंपात ओता.

आगीशी सोयरीक

सोरा स्वतः पेटत नाही. पण तापला की प्राणवायू सोडतो आणि शेजारी जे जळत असेल त्याला भडकवतो. बंदुकीच्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा असतो, हे जुन्या माणसांना माहीत आहे. आता तुमच्या पडवीत डोकावून बघा. भुरीसाठी आणलेली गंधकाची पिशवी कुठे आहे? बहुतेक सोऱ्याला टेकूनच! पलीकडे पंपाचे डिझेल, वर माळ्यावर पेंढा. हे सगळे एका जागी नको. सोरा आणि गंधक कोरडे कधीही एकत्र करू नका, एकाच घमेल्यात मोजूही नका. सांडलेला सोरा भुशाने किंवा गोणपाटाने पुसून ते तिथेच टाकू नका. विडी-सिगारेट लांब ठेवा.

आग लागलीच तर माती किंवा गोणपाट टाकून ती गुदमरत नाही, कारण प्राणवायू आतूनच मिळतो. भरपूर पाणी मारावे. तपकिरी धूर विषारी असतो, म्हणून वाऱ्याच्या दिशेला उभे राहू नये.

गुरे आणि लेकरे

गाय रवंथ करणारी. तिच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तात भिनते आणि रक्त प्राणवायू वाहीनासे होते. जनावर धापा टाकते, झोकांड्या देते आणि काही तासांत जाते. यावर मिथिलीन ब्ल्यूचे इंजेक्शन आहे, पण ते डॉक्टरांनीच द्यायचे आणि वेळेत. ताक-तेल पाजत बसू नका. डॉक्टरांना बोलवा आणि पिशवी दाखवा.

फवारणीची बादली, पिंप गुरांच्या डोणीत किंवा विहिरीच्या काठावर धुऊ नका. रिकाम्या गोणीत कोंडा, पेंड भरू नका. उरलेला सोरा घट्ट बांधून, नाव लिहून, कुलपात ठेवा. स्वयंपाकघरात तर मुळीच नको. माणसाच्या पोटात गेला तर तडक दवाखान्यात न्या, डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना एक विनंती. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त असेल तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना, विशेषतः वरचे दूध त्या पाण्यात कालवून देत असतील तर, तोच धोका असतो. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्याने वाढते. बागेजवळच्या विहिरींचे पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या.

त्या काकांनी आता गोठ्यापासून लांब एक लाकडी पेटी केली आहे, तिला कुलूप आहे. तुम्ही गाय जाण्याची वाट पाहू नका. आज संध्याकाळीच पडवी आवरा.