तापाची गोळी आणि रक्तवाढीची गोळी

यवतमाळ–नागपूर रस्त्यावरच्या कळंब परिसरात पावसाळ्यात निंदणाला जाणाऱ्या बायांचा दिवस पऱ्हाटीत आणि धुऱ्यावरच्या गवतात जातो. अशाच गवत-झुडपांतल्या सूक्ष्म किडीच्या अळ्या चावल्या की स्क्रब टायफस होऊ शकतो. 2018 च्या पावसाळ्यात विदर्भात त्याची मोठी साथ आली, माणसं दगावली. यावरचं औषध साधं, स्वस्त आहे: डॉक्सिसायक्लिन. वेळेत सुरू झालं तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो.

पण याच बायांपैकी अनेकींच्या घरी लोहाच्या गोळ्याही असतात. ‘अॅनिमिया मुक्त भारत’ मोहिमेत मिळणाऱ्या, मोठ्या बायांसाठीच्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. दोन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर घेतल्या, की आतड्यात लोह डॉक्सिसायक्लिनच्या रेणूला घट्ट धरतं. हा जोड आतड्यातून रक्तात शिरत नाही. गोळी पोटात गेली, तरी जंतूंपर्यंत पुरेसं औषध पोचत नाही. मग ताप हटत नाही आणि दोष औषधाला दिला जातो.

दोन तासांचं अंतर ठेवलं तर भागेल का? इथे पूर्णपणे नाही. रक्तात गेलेलं डॉक्सिसायक्लिन पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरतं आणि तिथं लोह त्याला परत अडवतं. म्हणून उपचाराचे ते थोडे दिवस लोहाच्या गोळ्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना विचारायलाच हवं. अॅसिडिटीच्या पातळ औषधातलं अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या गोळ्याही असाच अडथळा आणतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचंही तेच होतं. ते नुसत्या दुधाबरोबर घेऊ नये.

काही जोड्यांत उलट घडतं, दुसऱ्याच औषधाचा जोर वाढतो. मेट्रोनिडाझोल रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचं यकृतातलं विघटन मंदावतं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या मधुमेहींना क्लॅरिथ्रोमायसिन किंवा कोट्रायमॉक्साझोल दिलं तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ दिसला तर तापाचा अशक्तपणा समजू नका. शुद्धीत असेल तर लगेच साखर खाऊ घाला आणि दवाखाना गाठा.

क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन मात्र यकृताला वेगानं कामाला लावतं. ‘माला-एन’सारख्या गर्भनिरोधक गोळ्या त्यामुळे निकामी ठरू शकतात. रिफाम्पिसिन संपल्यावरही सुमारे चार आठवडे हा परिणाम गृहीत धरावा लागतो, म्हणून क्षयाचा उपचार सुरू होतानाच तांबी किंवा निरोधबद्दल विचारून घ्यावं.