मजकुराचे माप आणि सुबोधतेची कसोटी

महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाची स्थापना १९६० साली झाली, त्याच्या अध्यक्षपदाची धुरा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे आली आणि कृष्णाकाठच्या वाईत मराठी विश्वकोशाचे कार्य सुरू झाले, तेव्हा त्या दफ्तरापुढे दोन प्रश्न उभे होते: कोणत्या विषयास किती मजकूर द्यावा, आणि तो मजकूर सामान्य सुशिक्षित वाचकास समजेल कसा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणनेत आहे, आणि ती विद्या आपल्याकडे पुरातन आहे. अनुष्टुभ श्लोकाची बत्तीस अक्षरे हे पोथ्यांच्या मापाचे एकक असून त्यास ‘ग्रंथ’ अशी संज्ञा होती. कृती पद्य असो वा गद्य, तिची अक्षरे मोजून बत्तिसांनी भागावयाचे, येणारी संख्या ‘ग्रंथाग्र’ म्हणून पोथीच्या अखेरीस नोंदवावयाची आणि नक्कल करणाऱ्या लेखनिकाचा मेहनताना त्याच हिशेबाने चुकता करावयाचा, असा प्रघात होता. मजकूर गळाला किंवा मागाहून कोणी भर घातली, तर त्याचा सुगावाही या आकड्यावरून लागे.

सुबोधता मात्र इतक्या सहजासहजी मापात सापडत नाही. अमेरिकेत रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ साली एक सूत्र मांडले: वाक्यात सरासरी किती शब्द आणि शब्दात सरासरी किती उच्चारघटक, यांवरून इंग्रजी मजकुराचा सोपेपणा ठरवावा; दोन्ही सरासरी जितक्या कमी, तितके लेखन सोपे. ही कसोटी मराठीस जशीच्या तशी लावणे अन्यायाचे होईल. कारण आपल्या भाषेत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडून लिहिली जातात. ‘घरासमोरच्या’ हा सहा अक्षरांचा शब्द पहिलीतल्या मुलासही लीलया समजतो. उलट विद्युत्शास्त्रातील ‘विभव’ हा अवघ्या तीन अक्षरांचा शब्द चांगल्या शिकलेल्या गृहस्थासही अडवून धरतो. तेव्हा शब्दाच्या लांबीपेक्षा त्याचा वाचकाशी असलेला परिचय अधिक निर्णायक ठरतो, आणि परिचय मोजणारे सूत्र अद्याप कोणाच्या हाती पूर्णपणे लागलेले नाही.

वाईच्या विद्वानांनी हे मर्म ओळखले होते, असे विश्वकोशाच्या प्रकाशनक्रमावरून मला वाटते. परिभाषासंग्रह हा या मालेतील अठरावा खंड. परंतु तो १९७३ साली, म्हणजे १९७६ साली निघालेल्या पहिल्या खंडाच्याही आधी, प्रसिद्ध झाला. ज्या कोशात नाना शास्त्रांतील तज्ज्ञांचे लेखन एकत्र यावयाचे, तेथे एका संकल्पनेस दहा लेखकांनी दहा नावे दिली, तर प्रत्येक वाक्य कितीही आखूड असले तरी वाचकाचा गोंधळ अटळ होता. संज्ञा आधी मुक्रर झाली म्हणजे तीच पुनःपुन्हा भेटून परिचित होते, आणि परिचित झालेली कठीण संज्ञा कठीण राहत नाही.

आज संगणक क्षणार्धात शब्दसंख्या सांगतो, आणि ती सोय स्वागतार्ह आहे. परंतु शासकीय परिपत्रक, पाठ्यपुस्तक किंवा औषधाच्या वेष्टनावरील सूचना लिहिणाऱ्याने तेवढ्यावर समाधान मानू नये. प्रत्येक पारिभाषिक शब्दाचा अर्थ तो प्रथम येईल तेथेच द्यावा, पुढे तोच शब्द कायम ठेवावा, आणि मजकूर छापण्यापूर्वी तो ज्याच्यासाठी लिहिला त्या वाचकाकडून वाचवून घेऊन, त्याला काय उमगले ते त्याच्याच शब्दांत ऐकावे. मराठीपुरती तरी याहून भरवशाची कसोटी मला दिसत नाही.