पाण्याखालचा दिवा

दिव्याचे आयुष्य सामान्यतः तासांत मोजले जाते. घरातल्या दिव्यापुरता हा हिशेब पुरेसा असतो. कारण तो अवचित गेला तर फार तर चाचपडत खुर्चीला अडखळावे लागते. परंतु तोच दिवा पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्याच्या हाती गेला, की प्रश्नाचे स्वरूप पालटते. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात चुनखडीच्या खडकांत पाण्याने भरलेल्या लांबच लांब गुहा आहेत. तोंडापासून काही अंतर आत गेले की तेथे सूर्याचा एक किरणही पोहोचत नाही. आणि माथ्यावर खडकाचे छत असल्यामुळे सरळ वर येण्याचीही सोय नसते. अशा ठिकाणी दिवा किती तास टिकतो यापेक्षा तो कसा विझतो, याला अधिक महत्त्व येते.

दिव्याचा घात पाण्याचा दाब करीत असावा, असे प्रथमदर्शनी वाटते. तीस मीटर खोलीवर हा दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो, हे खरे. परंतु तो सोसते ते बाहेरचे भक्कम कवच. आतल्या दिव्याला त्याची झळ लागत नाही. दिवा मरतो तो बहुधा स्वतःच्याच प्रकृतिदोषाने.

प्रखर दिव्यांतील जुना प्रकार हॅलोजनचा. यात टंगस्टनची बारीक तार अडीच हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापते आणि तिचे कण हळूहळू उडून जातात. 1959 साली अमेरिकेत आयोडीनची वाफ भरलेले दिवे पुढे आले. ही वाफ उडालेले कण पुन्हा तारेकडे आणून सोडते. मात्र ते कण जेथून उडाले नेमके तेथेच परततात असे नाही. म्हणून तार कोठेतरी क्षीण होतच राहते. अधिक उजेडासाठी विद्युत्दाब अवघा पाच टक्के वाढवला, तरी आयुष्य जवळजवळ निम्मे होते. शिवाय थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असल्यामुळे बटण दाबताक्षणी प्रवाहाचा लोंढा येतो आणि क्षीण झालेली तार बहुधा त्याच क्षणी तुटते. तेव्हा पाण्यात शिरण्यापूर्वी लावलेला दिवा मध्येच न विझवणे, हेच हॅलोजनच्या बाबतीत शहाणपणाचे असते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस पाणबुड्यांच्या हाती प्रज्योत दिवा आला. यात तार नसते. क्वार्ट्झच्या चिमुकल्या कुपीत, झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार यांच्यामध्ये, दोन अग्रांदरम्यान विजेची ज्योत पेटते. तेवढ्याच विजेत हॅलोजनच्या सुमारे तिप्पट प्रकाश मिळू लागला. परंतु ही ज्योत पेटवण्यास क्षणभर हजारो व्होल्टचा दाब लागतो, आणि प्रत्येक पेटवणीबरोबर अग्रे थोडी झिजतात. विझलेला दिवा तापलेला असताना लगेच पुन्हा पेटेलच, याचा भरवसा नसतो. खडकावर आपटल्यास कुपी फुटते, ते वेगळेच. दीर्घायुषी, पण नाजूक, असा हा दिवा होता.

पुढे एलईडी आली. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना 2014 साली नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधामुळेच पांढरा एलईडी दिवा शक्य झाला. येथे तुटायला तार नाही आणि फुटायला कुपीही नाही. हा दिवा सहसा एकाएकी विझत नाही, मंदावत जातो. म्हणून मूळ प्रकाशाच्या सत्तर टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ त्याचे आयुष्य मानण्याची रीत पडली आहे. त्याचा शत्रू उष्णता. पाण्यात असेपर्यंत धातूच्या कवचावाटे ती वाहून जाते; किनाऱ्यावर मात्र तोच दिवा पूर्ण तेजाने बराच वेळ ठेवला तर आतल्या आत भाजून निघतो. पाण्यासाठी घडवलेल्या वस्तूला हवाच बाधावी, हा नियतीचा विनोदच म्हणावयाचा.

मग दिव्याची चिंता मिटली काय? तसे नाही. दुखणे फक्त जागा बदलून बसले आहे. प्रवाह नियंत्रित करणारे मंडल, बटण, विद्युत्घट आणि कवचाच्या सांध्यातील रबरी कडे यांपैकी काहीही दगा देऊ शकते. त्या कड्यावर वाळूचा एक कण किंवा एखादा केस अडकला, तर पाणी आत शिरते आणि पन्नास हजार तासांचे आयुष्य मिनिटांत संपते.

म्हणूनच गुहेत शिरणाऱ्या पाणबुड्यांनी तारेच्या दिव्यांच्या काळातला आपला नियम आजही मोडलेला नाही. प्रत्येकाजवळ तीन दिवे, तिघांचे विद्युत्घट स्वतंत्र. आणि त्यांतील एक गेला की बुडी तेथेच संपवून, वाटेवर अंथरलेल्या दोरीच्या आधाराने माघारी फिरायचे. दिव्यावर भिस्त ठेवण्याची त्यांची रीत ही अशी आहे: तो विझेल हे धरूनच पाण्यात उतरायचे.