शहरातील निसर्ग, लेखांक ७ : लावलेले रान आणि उगवलेले रान

वनस्पती उद्यान आणि पाणथळ जागा ही दोन्ही मुलांना आवर्जून दाखवावीत अशी ठिकाणे असली, तरी ती पाहण्याची रीत एकच नाही. उद्यानात कोणते झाड कोठे असावे हे माणूस ठरवतो आणि त्यासाठी माती, आळे, पाणी यांची तजवीजही तोच करतो. पाणथळ जागेत मात्र ही निवड पाणी, क्षार आणि चिखल यांच्या हाती असते व त्यांना तोंड देऊ शकणारी वनस्पतीच तेथे टिकते. ही दोन्ही रूपे एकमेकांना लागून पाहण्याची सोय मुंबईत धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात आहे.

मिठी नदीच्या काठी सुमारे ३७ एकरांवर पसरलेली ही जागा पूर्वी शहराची कचराभूमी होती. कचरा टाकणे थांबल्यानंतर त्या थरांवर माती पसरून लागवडीला आरंभ झाला, १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या हस्ते पहिले रोप लावले गेले आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज तेथे दिसणारी दाट सावली ही मूळच्या जंगलाची शिल्लक नसून माणसाने लावलेले आणि जोपासलेले रान आहे, ही गोष्ट मुलांना प्रवेशद्वारापाशीच सांगितली पाहिजे. कारण ती कळली की प्रत्येक झाडाकडे ‘हे येथे कोणी आणि का लावले असेल’ या प्रश्नासह पाहता येते.

उद्यानाच्या नदीकडील अंगाला चित्र पालटते. ज्या जमिनीवर पाणी कायम किंवा ठरावीक काळ साचून वा खेळत राहते तिला पाणथळ जागा म्हणतात. इराणमधील रामसर येथे १९७१ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असणारे समुद्राचे पाणीही या व्याख्येत येते. मिठीच्या मुखाकडील या पट्ट्यात भरतीबरोबर खाडीचे खारे पाणी आत शिरते आणि म्हणून तेथे खारफुटी, म्हणजे खाऱ्या पाण्यात व दलदलीत वाढणाऱ्या वनस्पती, आढळते.

तिच्यापैकी तिवर हे झाड मुलांना सावकाश दाखवण्याजोगे आहे. पाण्याने सतत भिजलेल्या चिखलात हवा फार कमी पोहोचत असल्यामुळे तिवराच्या आडव्या पसरलेल्या मुळांमधून बोटभर जाडीचे कोंब सरळ वर येतात; त्यांना श्वसनमुळे म्हणतात. त्यांच्या सालीवर बारीक छिद्रे असतात आणि ओहोटीत चिखल उघडा पडला की त्या छिद्रांवाटे हवा आत जाऊन खालच्या मुळांपर्यंत पोहोचते. पाण्याबरोबर शोषला गेलेला क्षार तिवर पानांवाटे बाहेर टाकते, त्यामुळे कोरड्या दिवशी भिंगातून पाहिल्यास पानावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. पान चाटून पाहण्याचा मोह मुलांना होतोच, परंतु मिठीत सांडपाणी मिसळत असल्याने येथे तसे मुळीच करू देऊ नये. चिखलाला येणारा उग्र वास काही अंशी त्या सांडपाण्याचा असतो, तर काही अंशी हवेविना जगणारे जीवाणू पालापाचोळा कुजवताना जो वायू सोडतात त्याचा असतो. दोन्ही कारणे सांगितली, तर नाक मुरडणे तेवढ्यावरच न थांबता चौकशीकडे वळते. चिखलावर सरपटत उड्या मारणारा निवटी हा मासा आणि एकच नांगी मोठी असलेला नर खेकडा हेही खाडीकाठच्या अशाच चिखलातले रहिवासी होत.

हे सारे ओहोटीतच दिसते, भरतीत श्वसनमुळे बुडून जातात. त्यामुळे भेटीची वेळ घड्याळापेक्षा तिथीवर ठरवणे अधिक शहाणपणाचे. कोकण किनाऱ्यावर यासाठी एक जुना हिशेब आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अदमासे वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी त्याच्या सुमारे सहा तास आधी, सकाळी नवाच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला, म्हणून ओहोटी दुपारी बाराला. खाडीत पाणी थोडे उशिरा पोहोचते, तेव्हा अर्धा तास इकडेतिकडे धरावा.

अशा जागांचे मोल केवळ पशुपक्ष्यांपुरते नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मिठीच्या काठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. भरतीच्या वेळी नदीचे पाणी समुद्राकडे उतरू शकत नाही आणि त्या काळात ते पसरायला दलदलीची मोकळी जागा लागते. ती भरावाखाली गेली की पाणी घरांत शिरते. महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढरी चिप्पी या खारफुटीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला, परंतु संरक्षण मानापेक्षा वापरातून आणि ओळखीतून अधिक होते.

म्हणून पालक-शिक्षकांनी एका फेरीत सगळे उद्यान उरकण्याचा हव्यास सोडावा. चतुर्थीच्या सकाळी भिंग व वही घेऊन निघावे, चिखलात न उतरता काठावरून एकच जागा तासभर न्याहाळावी, पाण्याची पातळी सुरुवातीला व शेवटी टिपून ठेवावी आणि त्याच पंधरवड्याच्या अखेरीस, म्हणजे सुमारे अकरा दिवसांनी, पौर्णिमा किंवा अमावस्या गाठून, दुपारी बाराच्या सुमारास उधाणाच्या वेळी, तीच जागा मुलांना पुन्हा दाखवावी.