धुरातला वायू पकडणारी पावडर: एमओएफ म्हणजे काय?

नव्या बुटांच्या किंवा गॅजेटच्या बॉक्समध्ये 'खाऊ नका' लिहिलेली छोटी पुडी असते ना? त्यात सिलिका जेल असतं. त्याच्या बारीक छिद्रांत हवेतला ओलावा अडकतो. आता अशी पुडी ओलाव्याऐवजी कार्बन डायऑक्साइड पकडायला लागली तर? तसं करू शकणारा पदार्थ म्हणजे एमओएफ, अर्थात मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क.

रचना कशी असते?

धातूचे अणू म्हणजे गाठी, त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू म्हणजे काठ्या. हे जोडकाम पुन्हा पुन्हा होत गेलं की धातू असलेला पॉलिमर तयार होतो आणि मधे रिकाम्या खोल्या राहतात. आपल्या जांभ्या दगडालाही भोकं असतात, पण लहान-मोठी, कशीही. एमओएफमधली भोकं ठरलेल्या मापाची, साधारण नॅनोमीटरभर. गाठी-काठ्या बदलल्या की माप बदलतं, म्हणून कोणता वायू अडकवायचा हे बरंचसं ठरवता येतं. काही ग्रॅम पावडरच्या आतला पृष्ठभाग फुटबॉलच्या मैदानाएवढा भरतो! याच कामासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पुणे कनेक्शन

जस्तापासून बनलेला 'कॅल्फ-२०' हा एमओएफ कॅनडातल्या सिमेंट कारखान्याच्या धुरावर वापरून पाहिला गेला. त्यावरचा शोधनिबंध २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. त्याच्या लेखकांत पुण्याच्या आयसरचे रामनाथन वैद्यनाथन आहेत. आयसरमध्येच सुजित घोष यांचा गट पाण्यातलं प्रदूषण पकडणाऱ्या एमओएफवर काम करतो.

मग फोंडाघाटात लावूया का?

घाट चढणाऱ्या ट्रकचा धूर बघून हा प्रश्न पडणारच. पण अडचणी तीन. एक, मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के असतो. चिमणीत तो कितीतरी पट जास्त. दोन, डिझेलच्या काजळीचे कण या छिद्रांपेक्षा मोठे, त्यामुळे तोंडंच बुजतात. तीन, ओलावा. कॅल्फ-२० पाण्याआधी कार्बन डायऑक्साइड पकडतो, पण सापेक्ष आर्द्रता सुमारे ४० टक्क्यांच्या खाली असेल तोवरच. कोकणात पावसाळ्यात ती ८० च्या वर असते.

म्हणून एमओएफची खरी जागा कारखान्याच्या चिमणीजवळ. उद्या रीलमध्ये 'नोबेलवाला एअर प्युरिफायर' दिसला, तर ऑर्डर करण्याआधी तीनच प्रश्न विचारा: नेमका कोणता वायू पकडतो? किती आर्द्रतेत? आणि भरला की रिकामा कसा करायचा?