चाळिशीनंतरचा चेंडा

केरळच्या मध्यभागात, विशेषतः त्रिशूरच्या परिसरात, मंदिरोत्सवांच्या मोसमात मेळम् ऐकावयास हजारो लोक जमतात. या सामूहिक वादनातील प्रमुख वाद्य म्हणजे चेंडा. फणसाच्या लाकडाचे पोकळ नळकांडे, दोन्ही तोंडांवर दोरखंडांनी ताणून बसविलेले कातडे, आणि खांद्यावरून उभे लटकवून काठ्यांनी केलेले वादन, असे या वाद्याचे स्वरूप आहे. त्याच्या एका तोंडाचा नाद तीक्ष्ण असतो. दुसऱ्या तोंडावर कातड्याचे अनेक थर असल्यामुळे त्यातून गंभीर नाद निघतो.

मंदिरातील चेंडावादन हे परंपरेने मारार, पोदुवाळ यांसारख्या समाजांचे काम. त्या घरांतील मुलगा सहासात वर्षांचा झाला की त्याच्या हाती काठी दिली जाई. अलीकडच्या काही दशकांत मात्र इतर समाजांतील माणसे, स्त्रिया आणि चाळिशी ओलांडलेले नोकरदार व व्यावसायिकही या विद्येकडे वळले आहेत. बालपणी मनगटाला वळण न लागलेल्या माणसाला मेळम्‌मध्ये खरोखर स्थान मिळू शकते काय, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो.

शिक्षणाचा आरंभ वाद्यावर होत नाही. शिष्य जमिनीवर बसतो आणि चिंचेच्या लाकडाच्या जाड काठीने दगडावर किंवा लाकडी ठोकळ्यावर आघात करू लागतो. पहिल्या पाठाला 'गणपतिक्कै' म्हणतात. दिवसभर कचेरीत काम करून आलेल्या प्रौढ माणसाची बोटे सोलतात, मनगट आखडते, आणि शेजारी बसलेले दहा वर्षांचे मूल तोच पाठ सहज पुढे नेते. पुष्कळसे प्रौढ शिष्य याच टप्प्यावर शिक्षण सोडतात. पुढे प्रत्यक्ष चेंडा खांद्यावर आला की त्याचे ओझे पेलत दीर्घ काळ उभे राहण्याची कसोटी सुरू होते.

तथापि मेळम्‌ची रचनाच अशी आहे, की तेथे केवळ चपळाईने भागत नाही. पंचारी मेळम् सहा मात्रांच्या तालावर उभारलेला असून त्याचे पाच 'काल' असतात. पहिल्या कालाचे एक आवर्तन 96 मात्रांचे. त्यानंतर ते अनुक्रमे 48, 24, 12 आणि 6 मात्रांवर येते. रुंद पायावरून निमुळत्या होत गेलेल्या शिखराप्रमाणे हे वादन दोन-तीन तास चढत जाते. शेवटच्या कालातील वेगाने श्रोता भारावून जातो. पण शिकणाऱ्याला पहिलाच काल अवघड वाटतो, कारण दोन आघातांमधील दीर्घ अवकाशात हात आवरून धरावा लागतो.

वादकांची मांडणीही अशीच अर्थपूर्ण आहे. पुढील रांगेत तालाचा विस्तार करणारे 'उरुट्टु' चेंडावादक असतात व त्यांच्या मध्यभागी प्रमुख वादक उभा राहतो. समोर कुळल ही सनईच्या जातीची वाद्ये, तर त्यांच्यामागे कोंबू नावाची वक्र शिंगे असतात. चेंडावादकांच्या मागे तालाचा आधार देणारे 'वीक्कन' चेंडा आणि इलत्ताळम् ही जाड काशाची झांज असते. मागच्या रांगेतील वादकाकडे श्रोत्यांचे क्वचितच लक्ष जाते. परंतु त्याचा आघात किंचित पुढेमागे झाला तर पुढील सर्व विस्तार निराधार होतो. मोजून, ऐकून आणि स्वतःला आवरून वाजविण्याचे हे काम प्रौढ शिष्य परिश्रमाने आत्मसात करू शकतो.

शिक्षण पुरे झाले की गुरूला दक्षिणा देऊन देवतेसमोर 'अरंगेट्टम्', म्हणजे पहिले जाहीर वादन, होते. अशा प्रसंगी आजोबा आणि नातू एकाच रांगेत उभे राहू शकतात. अर्थात हे दार सर्वत्र सारखेच उघडलेले नाही. त्रावणकोर संस्थानात 1936 साली मंदिरप्रवेशाची घोषणा झाली. तरीही काही मंदिरांच्या आत कोणी वाजवावे यासंबंधी जातीचा प्रश्न त्यानंतरही उपस्थित होत राहिला. उलट मुंबईसारख्या दूरच्या शहरांत मल्याळी मंडळी ओणमच्या निमित्ताने चेंड्याची पथके उभी करतात.

उशिरा शिकणारा माणूस बहुधा श्रेष्ठ वादक होत नाही, हे मान्य करावयास हवे. परंतु मेळम्‌ला श्रेष्ठ वादक मोजकेच लागतात. ताल न सोडणारे मात्र अनेक लागतात. दगडावर काठी आपटीत काढलेल्या महिन्यांनंतर त्या अनेकांपैकी एक होणे, हीच त्याची खरी कमाई होय.