तंतूंचा वाद

विज्ञान शिकविणारा शिक्षक पहिल्याच आठवड्यात मुलांस एक नियम सांगतो. विधान कितीही थोर माणसाने केलेले असो, प्रयोगाच्या कसोटीस उतरल्यावाचून ते विज्ञानात खरे मानावयाचे नाही. हा नियम पुन्हा तपासून पाहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु गेली चाळीस वर्षे पदार्थविज्ञानाच्या अगदी वरच्या मजल्यावर ह्याच नियमावरून वाद चालला आहे. आणि त्यात नोबेल पारितोषिकाचे मानकरीही दोन्ही बाजूंस दिसतात.

वादाचा विषय आहे तंतुसिद्धान्त, म्हणजेच स्ट्रिंग थिअरी. विसाव्या शतकाने आपणांस दोन थोर सिद्धान्त दिले. आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद ग्रहताऱ्यांचे गुरुत्वाकर्षण सांगतो. पुंजवाद अणूच्या पोटातले व्यवहार सांगतो. आपापल्या घरी दोघेही चोख. मात्र दोघांस एका पंक्तीस बसविले की गणित बिघडते आणि अनंत अशी निरर्थक उत्तरे येऊ लागतात.

हे भांडण मिटविण्यासाठी तंतूंचा जन्म झाला असे मात्र नाही. १९६८ साली गाब्रिएले व्हेनेत्सियानो ह्या इटालियन शास्त्रज्ञास अणुगर्भातील बलाचे वर्णन करणारे एक सूत्र सापडले. पुढे नांबू, नील्सन आणि ससकिंड ह्यांनी ओळखले की, हे सूत्र बिंदूसारख्या कणांचे नसून कंप पावणाऱ्या सूक्ष्म तंतूंचे आहे. व्हायोलिनच्या एकाच तारेतून निरनिराळे स्वर निघतात, तसे एकाच तंतूच्या निरनिराळ्या कंपनांतून निरनिराळे कण. अणुगर्भासाठी पुढे क्वार्कांची उपपत्ती सरस ठरली व तंतू मागे पडले. त्यांच्या गणितात एक वस्तुमानरहित कण नको असताना सारखा उपटत असे. १९७४ साली शेर्क आणि श्वार्त्स म्हणाले, हा तर गुरुत्वाकर्षणाचा कण! ज्यास दारातून हाकलीत होतो तोच घरधनी निघाला. १९८४ साली ग्रीन आणि श्वार्त्स ह्यांनी गणितातील एक मोठी विसंगती दूर केली, आणि तरुण शास्त्रज्ञांची रीघ लागली.

हे गणित जुळते ते दहा मितींत, म्हणजे अवकाशाच्या नऊ व काळाची एक. मग उरलेल्या सहा आपणांस दिसत का नाहीत? पोफळीचे खोड दुरून नुसती रेघ वाटते. त्यावर चढणाऱ्या मुंगीस मात्र खोडाभोवती फिरावयासही वाव असतो. तशा त्या मिती अतिसूक्ष्म गुंडाळ्या होऊन राहिल्या आहेत, असे उत्तर मिळते.

अडचण आहे ती ह्या सूक्ष्मपणाची. सर्वसाधारण कल्पनेप्रमाणे तंतूची लांबी इतकी लहान की, एक अणू फुगवून पृथ्वीएवढा केला तरी त्यातला तंतू आजच्या प्रोटॉनहून शेकडो पटींनी लहानच राहील. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रासही तेथवर पोहोचणे शक्य नाही. त्याच यंत्राने २०१२ साली हिग्ज कण दाखविला. परंतु ज्या अतिसममितीचा तंतुसिद्धान्तास आधार आहे, तिचे जोडकण आजवर दाखविलेले नाहीत. हे कण अधिक जड असतील, असे म्हणण्याची वाट सिद्धान्तास मोकळी आहेच.

दुसरी अडचण त्याहून बिकट. २००३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील तिघे आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संदीप त्रिवेदी ह्यांनी, वेगाने प्रसरण पावणारे विश्व ह्या गणितातून कसे उभे करता येईल ते दाखविले. पण तशी विश्वे किती निघावीत? एकावर पाचशे शून्ये, असा एक अंदाज बोलला जातो. कोणतेही उत्तर आले तरी कोठल्या तरी विश्वाशी ते जुळणारच, असे असेल तर हा सिद्धान्त चुकावयाचा कसा?

१९८६ सालीच गिन्सपार्ग आणि ग्लॅशो ह्यांनी हा इशारा दिला होता. २००६ साली ली स्मोलिन आणि पीटर वॉइट ह्यांच्या पुस्तकांनी वाद चव्हाट्यावर आणला. वॉइटच्या पुस्तकाचे नाव पाउलीच्या एका प्रसिद्ध शेऱ्यावरून घेतलेले आहे: हे चूकसुद्धा नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास ह्यातली मेख चटकन कळेल. चुकलेले गणित दुरुस्त करता येते. बरोबर की चूक हेच ठरविता येत नाही अशा उत्तरास गुण किती द्यावेत? स्मोलिनची तक्रार व्यवहाराची होती: विद्यापीठांतील जागा एकाच पंथास मिळत गेल्या, तर दुसरी वाट शोधणार कोण? मला हा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो.

कैवाऱ्यांची बाजूही पोकळ नाही. १९९६ साली स्ट्रॉमिंजर आणि वाफा ह्यांनी तंतूंच्या हिशेबाने एका विशिष्ट प्रकारच्या कृष्णविवराची एन्ट्रॉपी मोजली, आणि ती हॉकिंग व बेकेनश्टाइन ह्यांच्या सूत्राशी तंतोतंत जुळली. गुरुत्वीय लहरींचे भाकीत १९१६ चे, प्रत्यक्ष नोंद २०१५ ची. मग आम्हांसच घाई का, असे ते विचारतात. रिचर्ड डाविड हे तत्त्वज्ञ त्यापुढे जाऊन म्हणतात की, दुसरा पर्याय सापडत नाही व अनपेक्षित मेळ बसतात, हासुद्धा एक प्रकारचा पुरावा होय. त्यावर २०१४ च्या डिसेंबरात एलिस आणि सिल्क ह्यांनी 'नेचर'मध्ये कडक हरकत घेतली, आणि पुढच्याच डिसेंबरात म्यूनिकला दोन्ही पक्षांची बैठक भरली. निकाल लागला नाही.

मेळ बसणे हा पुरावा मानताना मला लॉर्ड केल्व्हिन आठवतात. १८६७ साली त्यांनी मांडले की, अणू म्हणजे ईथरमधील भोवऱ्यांच्या गाठी. कल्पना देखणी, टेटसारख्या विद्वानाने तीपायी गाठींची कोष्टके रचिली. पुढे ईथरच गेला, गणितात गाठींचे शास्त्र तेवढे उरले.

टीकाकार कधी कधी म्हणतात, तंतुवाद म्हणजे आता धर्मश्रद्धा झाली आहे. मी श्रद्धाळू ख्रिस्ती आहे, आणि ही उपमा मला रुचत नाही. बेल्जमचे कॅथलिक धर्मगुरू लमेत्र ह्यांनी १९२७ साली प्रसरणशील विश्वाची कल्पना मांडली, आणि १९३१ साली विश्वाचा आरंभ एका आदिम अणूतून झाला असे सुचविले. १९५१ साली खुद्द पोप बारावे पायस ह्यांनी तशा आरंभाची सांगड ईश्वराच्या सृष्टिकर्माशी घातली, तेव्हा ती लमेत्र ह्यांनाच मानवली नाही. आपली उपपत्ती धर्माच्या आधारावर उभी राहावी असे त्यांस वाटत नव्हते. १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन ह्यांच्या अँटेनाने आदिविश्वाच्या उष्णतेचा अवशेष टिपल्याचे जाहीर झाले. लमेत्र ह्यांस ती वार्ता १९६६ साली, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, आजारपणात कळली.